चौथी बाटली निरंक

विज्ञान कधीच खोटं बोलत नाही.

हे वाक्य माझं नाही. जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेच्या दर्शनी भिंतीवर ते पितळी अक्षरांत लावलेलं होतं आणि नोकरीची उरलेली सगळी वर्षं मी त्याच्याखालून ये-जा केली. ते खरं आहे याबद्दल मला शंका नाही. विज्ञानाला खोटं बोलायची सोयच नसते, कारण अहवालाखाली त्याची सही लागत नाही. माझी लागायची.

देशपातळीवरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं उपकेंद्र जळगावात सुरू झालं ते एका बंद पडलेल्या डाळ मिलच्या इमारतीत. सुरुवातीची दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली काहीही ठेवलं तरी बाजूला तुरीचं एखादं टरफल दिसायचंच. लग्नाकार्यात लोक मला विचारायचे, "चौधरी, तुम्ही रोज मुडदे कापता, मग जेवण कसं जातं?" मी आयुष्यात एकही मुडदा कापलेला नाही. ते काम सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं. आमच्याकडे यायच्या त्या बाटल्या. विषबाधेचा संशय असला की डॉक्टर पोटातल्या अवयवांचे तुकडे काढून पाठवतात, त्याला व्हिसेरा म्हणतात. पहिल्या बाटलीत जठर आणि आतडं, दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, तिसरीत रक्त. तुकडे सडू नयेत म्हणून ते मिठाच्या घट्ट पाण्यात बुडवतात. रक्तात मीठ घालत नाहीत, त्याची पूड वेगळी असते. आणि चौथ्या बाटलीत नुसतंच मिठाचं पाणी, म्हणजे ज्यात तुकडे बुडवले त्याच पाण्याचा नमुना. सगळ्यांवर लाखेचं सील करून एखादा हवालदार ते खोकं मांडीवर घेऊन एस.टी.ने आमच्याकडे आणायचा. शेजारच्या प्रवाशाने "काय लोणचं का?" असं विचारलं की बहुतेक हवालदार "हो" म्हणायचे. त्याने जागा ऐसपैस मिळायची नाही, पण चौकशी थांबायची.

चौथी बाटली कशासाठी, हे कॉलेजात शिकवतात. विष पोटात होतं की पाण्यातूनच आलं, हे ठरवण्यासाठी. परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो आणि सगळे बरोबर उत्तर लिहितात. नोकरीत मात्र आम्ही पाचही जण त्या बाटलीपुढे न उघडता "निरंक" लिहायचो. मिठाच्या पाण्यात मीठ असतं, दुसरं काय असणार? बाटल्यांची रांग मोठी, माणसं थोडी. पोलीस स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवायचे. "निरंक" लिहायला एक सेकंद लागतो, तपासायला अर्धा दिवस.

त्यातून मी स्वतःला जरा खास समजायचो. माझं गाव रावेरकडचं, घर केळीच्या बागांमधलं. रावेर-यावलकडून रक्ताचे डाग म्हणून जप्त केलेले सदरे यायचे, त्यातल्या निम्म्या सदऱ्यांवर केळीचा चीक असायचा. तो वाळला की हुबेहूब जुन्या रक्तासारखा तपकिरी दिसतो आणि बायको बदलली तरी कपड्यावरून जात नाही. बाहेरगावचे सहकारी दिवसभर रसायनं ओतत बसायचे, मी सदरा उजेडात धरून सांगायचो, "हा माणूस खुनी नाही, हा घड कापणारा आहे." चाचणीत तसंच निघायचं. चार-सहा वेळा असं झाल्यावर माणूस उजेडात धरण्यावरच विसंबायला लागतो.

मग आमच्यावर प्रमुख म्हणून खासनीससाहेब आले. मुख्य प्रयोगशाळेत विषविभागाचे ते मोठे तज्ज्ञ. त्यांना जळगावला का पाठवलं, ही बढती होती की शिक्षा, ते कोणालाच कळलं नाही. दिसायला तहसील कार्यालयातल्या अव्वल कारकुनासारखे. स्वागताला आम्ही हार आणला होता. तो त्यांनी हातातच घेतला आणि विचारलं, "काचेची भांडी कुठे धुता?" मोरी दाखवली. त्यांनी हार नळावर अडकवला, एक परीक्षानळी उचलून उजेडात पाहिली आणि पुन्हा धुतली. त्या दिवसापासून आम्ही त्यांना आपसांत "मोरीवाले साहेब" म्हणायला लागलो. राष्ट्रीय पातळीचा शास्त्रज्ञ म्हणजे काहीतरी बोलेल, लिहील, फोटो काढून घेईल, अशी आमची अपेक्षा होती. हे गृहस्थ भांडी धुवायचे.

ज्या प्रकरणाबद्दल लिहायला बसलो ते धुळे जिल्ह्यातलं. एका गावात एक म्हातारा दुपारी जेवला, त्याला उलट्या झाल्या, दरदरून घाम फुटला आणि संध्याकाळच्या आत गेला. जेवण सुनेनं वाढलेलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. सुनेचं नाव सुमन, वय पंचविसाच्या आसपास. सासऱ्याशी तिचं पटत नव्हतं, हे सांगायला अख्खं गाव तयार होतं. घरात कापसावर फवारायचं औषध होतं. ते त्या भागात कोणाच्या घरात नसतं? डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलं आणि बाटल्या आमच्याकडे पाठवल्या. त्या माझ्या टेबलावर आल्या. जठरात कीटकनाशक, यकृतात कीटकनाशक, मूत्रपिंडात कीटकनाशक. रक्तात नाही. मी स्वतःशी म्हटलं, प्रमाण कमी असेल. चौथ्या बाटलीपुढे "निरंक" लिहिलं, सही केली. दिवाळीच्या सुमारास अहवाल गेला आणि तो पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सुमनला अटक झाली.

आमच्या अहवालाची एक गंमत वाचकांना माहीत नसेल. तो कोर्टात दाखल झाला की तसाच पुरावा म्हणून वाचला जातो. सही करणाऱ्याला बोलावलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे आम्हाला कोणी काही विचारत नसे. जामिनाच्या अर्जावर त्या कागदाचा एक परिच्छेद वाचला गेला आणि अर्ज फेटाळला गेला. ती धुळ्याच्या तुरुंगातच राहिली.

पुढच्या महिन्यात तिचे वडील, दौलतआबा, आमच्या फाटकाशी येऊन बसले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात फडक्याचं गाठोडं. पहारेकऱ्याने मला खाली बोलावलं.

"साहेब, हाई पीठ तपासा," आबा म्हणाले. "याच डबामधलं. याचीच भाकर करी व्हती मनी पोरनी. मी सवता खाई पाहं, माले काहीच नही झायं."

मी त्यांना समजावलं की असा नमुना घेता येत नाही. पोलिसांचं पत्र लागतं, पंचनामा लागतो, सील लागतं.

"सील करी द्या ना मंग तुम्हीच."

"आबा, अहवालात सगळं आलंय. पोटातच सापडलंय. यंत्र खोटं बोलत नाही."

त्यांनी गाठोडं पुन्हा बांधलं. "यंत्रले बी मानूस लागस ना, साहेब," एवढंच म्हणाले आणि बसस्टँडकडे चालू लागले. मी वर येऊन हात धुतले. पिठाला मी हात लावला नव्हता.

जानेवारीत दोन गोष्टी एकदम ठरल्या. डाळ मिलची इमारत सरकारने आमच्यासाठी कायमची घेतली होती, तिला रंग लावून मंत्र्यांच्या हस्ते पितळी अक्षरांचं अनावरण व्हायचं होतं. आणि त्याच्या आदल्या दिवशी धुळ्याला पोलीस आणि डॉक्टरांसाठी "मुद्देमाल कसा पाठवावा" यावर खासनीससाहेबांचं भाषण होतं. सोबत मी. ते भाषण सकाळी लवकरच आटोपलं, कारण साहेब मुद्द्याचंच बोलायचे आणि मुद्दे थोडेच असतात. मग ते जीपवाल्याला म्हणाले, "आपल्या बाटल्या भरतात तरी कुठे, ते बघू."

धुळ्याहून जीपने अर्ध्या तासावरचं एक ग्रामीण रुग्णालय. नाव सांगत नाही. शवविच्छेदनाची खोली मागे, लिंबाखाली. तिथले शिपाई भिकानाना हे मला आजवर भेटलेल्या सर्वांत नेटक्या माणसांपैकी एक. फरशी आरशासारखी, बाटल्या ओळीने पालथ्या, लेबलं कापून तयार. लाख वितळवायची पळीसुद्धा घासलेली. साहेब खूश झाले. म्हणाले, "नाना, बाटली भरून दाखवा."

नानांनी बाटलीत पाणी घेतलं, खाली वाकून कोपऱ्यातला पत्र्याचा डबा काढला, झाकण दाबून उघडलं आणि वाटीने मीठ घातलं. शुभ्र, मोकळं, कोरडं मीठ. डब्यावरचा कागद अर्धा निघाला होता. उरलेल्या अर्ध्यावर लाल त्रिकोण होता, जहाल विषाच्या डब्यांवर असतो तो.

साहेबांनी चष्मा वर केला. "नाना, डबा छान आहे. कुठला?"

"मनाच वावरमधला, साहेब. कपाशीवर फवारं, डबा खाली झाया. झाकन कसं फिट्ट बसस पहा. आधी मीठ कागदमा राहे, पानी सुटे. बरणी मांगेल शे सरकारकडे, झाकनवाली. तीन वरीस झाये."

"धुतला होता?"

"तीन डाव! राख लाईसन!" नानांना तो प्रश्न जरासा लागलाच.

"कधीपासून आहे हा?"

"पोळापशी."

पोळा. सुमनचा सासरा पोळ्यानंतर बारा दिवसांनी गेला होता. शवविच्छेदन याच खोलीत झालं होतं. मला ती तारीख पाठ होती, कारण अहवालात मी ती तीन वेळा लिहिली होती. बाहेर लिंबावर कावळे ओरडत होते, एवढंच आता आठवतं. साहेबांनी कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ बांधून घेतलं, नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो.

पारोळ्याला चहासाठी जीप थांबली. साहेबांनी बशीत चहा ओतला.

"चौधरी, त्या केसमध्ये जठरात किती निघालं होतं?"

"तपासणीच्या पट्टीवर बऱ्यापैकी ठिपका होता, सर."

"आणि मूत्रपिंडात?"

"साधारण... तेवढाच."

"तेवढाच. आणि रक्तात काहीच नाही. म्हणजे विष पोटातून मूत्रपिंडात रक्ताला न भेटता गेलं. पायी गेलं असेल." त्यांनी चहा प्यायला. "माणूस विष खाऊन मेला तर जठरात ढीग सापडतो. सगळीकडे सारखं सापडायला तो काय मुरवलेला होता?"

मी कप खाली ठेवला.

"मिठाच्या पाण्यापुढे काय लिहिलंस?"

"निरंक."

"तपासलं होतंस?"

हा प्रश्न ते विचारणार हे मला लाल त्रिकोण दिसल्यापासून माहीत होतं. वाटेत तीन-चार उत्तरं मी तयारही केली होती. त्यातलं एक तर चांगलंच पटण्यासारखं होतं. पण समोर दौलतआबांचं गाठोडं दिसायला लागलं.

"नाही, सर."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बशी ठेवली. "बाटली फेकली का?"

"नाही. सहा महिने ठेवतो आपण. स्टोअरच्या कपाटात."

"मग ऊठ. डब्यातलं मीठ आजचं आहे. कोर्टाला त्या दिवशीचं लागेल."

चारच्या सुमाराला जळगावात पोचलो. आवारात मांडव, पताका, रंगाचा वास. मी धावत स्टोअरमध्ये गेलो. कपाटं नवीकोरी पोपटी रंगवलेली होती आणि आतून रिकामी होती.

"पाहुणे उद्या कपाटं उघडून बघतील ना," आमचे भांडारपाल बऱ्हाटे म्हणाले. "म्हणून रंगवून घेतली."

"बाटल्या?"

"खोक्यांत भरून बाहेर ठेवल्या होत्या. सहा खोकी."

"बाहेर कुठे?"

बऱ्हाट्यांनी बाहेर पाहिलं. मग मांडववाल्याकडे पाहिलं. मांडववाला म्हणाला, "स्टेज एका बाजूनी डगमगत होतं, साहेब. विटा कमी पडल्या."

राज्याच्या मंत्र्यांचं व्यासपीठ न्यायवैद्यक मुद्देमालावर उभं होतं. वर तयारी पाहायला मुख्यालयातून आलेले उपसंचालक ध्वनिक्षेपकावर "हॅलो, हॅलो" करत होते. खासनीससाहेबांनी कोट काढून माझ्याकडे दिला, सतरंजी उचलली आणि सरपटत आत शिरले. त्यांच्यामागे मी.

वरून आवाज आला. "अहो, खासनीस कुठे आहेत?"

"आपल्या पायाखाली आहेत, साहेब," बऱ्हाटे अदबीने म्हणाले.

आत उजेड सतरंजीच्या फटीतून यायचा तेवढाच. खोक्यांवर माझ्याच अक्षरातले क्रमांक होते आणि आयुष्यात प्रथमच माझं अक्षर मला सुवाच्य वाटलं. पाचव्या खोक्यात ती बाटली सापडली. अभंग. पहिल्यांदा खोकं उघडताना मी चौथीचं सील काढलंच नव्हतं, त्यामुळे रुग्णालयाची लाख तशीच्या तशी होती. माझ्या आळसाचा तेवढा एक उपयोग झाला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा साहेबांच्या केसांत कोळिष्टकं होती आणि उपसंचालकांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. "खासनीस, हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "पाहणी." मग ते बऱ्हाट्यांना म्हणाले, "सहाही खोकी बाहेर काढा." त्यांच्या जागी काय लावायचं हा प्रश्न आला. मुख्यालयाचे वार्षिक अहवाल वाचनालयात न उघडता पडले होते, कापडी बांधणीचे, जाड. ते रचल्यावर उंची तंतोतंत जमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनावरण. साहेबांना व्यासपीठावर बसणं भाग होतं, तिसऱ्या खुर्चीत. मला त्यांनी सांगितलं, "तू वर थांब. आणि एकट्या बाटलीची करू नको. डब्यातलं मीठ घे, किराणा दुकानातलं मीठ घे, आणि रांगेतली ती विहिरीची केसही घे."

विहिरीची केस म्हणजे त्याच रुग्णालयातून नंतर आलेला व्हिसेरा. विहिरीवर पोहायला उतरलेला एक धडधाकट माणूस दहा जणांच्या डोळ्यांदेखत बुडाला होता. तिथे विषाचा संशय कोणालाच नव्हता. नियम म्हणून बाटल्या आल्या होत्या.

ही तपासणी दिसायला अगदी साधी असते. काचेच्या पट्टीवर पांढरा लेप देतात, तळाशी नमुन्याचे ठिपके ठेवतात आणि पट्टी एका द्रावकात उभी करतात. वातीत तेल चढावं तसा द्रावक लेपातून वर चढतो आणि नमुन्यातले पदार्थ सोबत नेतो. प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर थांबतो. मग पट्टी वाळवून वर रसायन फवारलं की ठिपके रंग धरतात. द्रावकाला घाई करता येत नाही. तो चढत असताना खाली मंत्री बोलत होते.

"विज्ञान," ते म्हणाले, "कधीच खोटं बोलत नाही!" टाळ्या झाल्या. पडदा सरकल्याचा आवाज आला.

मी पट्टी बाहेर काढली. वाळवली. रसायन फवारलं. सुरुवातीला काहीच दिसेना. मग शुद्ध कीटकनाशकाचा ठिपका दिसायला लागला, तो दिसणारच होता. त्याच्या शेजारी डब्यातल्या मिठाचा. किराण्याच्या मिठाची जागा स्वच्छ. विहिरीत बुडालेल्या माणसाच्या आतड्यात, ठिपका. आणि शेवटी चौथी बाटली. आधी सावलीसारखं काहीतरी, मग करडं, मग नीट, गोल, त्याच उंचीवर.

स्वतःचा गुन्हा शाबीत झाल्यावर इतका आनंद झालेला माणूस जळगाव जिल्ह्यात दुसरा नसेल. मी खुर्चीत बसलो, उठलो, पुन्हा बसलो. ठरल्याप्रमाणे खिडकीचं दार उघडलं. खाली तिसऱ्या खुर्चीतल्या गृहस्थांनी वर पाहिलं, गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मंत्री बोलत असतानाच ते व्यासपीठावरून उतरले. नंतर त्यांना याबद्दल खुलासा विचारण्यात आला. त्यांनी एका ओळीत दिला: "प्रयोगशाळेत काम होते."

वर येऊन त्यांनी पट्टी पाहिली, भिंगातून पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "आता सगळ्यांना बोलव."

आम्ही पाच जण उभे राहिलो. साहेबांनी विचारलं, "आजवर मिठाचं पाणी न तपासता कोणी कोणी निरंक लिहिलंय?" कोणाचाच हात वर गेला नाही, माझाही नाही, सवय वाईट असते. तेव्हा साहेबांनी स्वतःचा हात वर केला. "मी. नोकरीच्या पहिल्या वर्षी. सात वेळा. पुढे कळलं, तेव्हा बाटल्या फेकलेल्या होत्या. त्यांचं काय झालं मला माहीत नाही." मग एकेक करून पाचही हात वर गेले.

मला वाटतं, मी त्या वेळी ओळखलं की हा माणूस रोज भांडी का धुतो.

सुधारित अहवाल त्यांनी त्याच दिवशी लिहिला आणि त्यावर माझ्या सहीच्या वर स्वतःची सही केली. आधीच्या अहवालातली चूक कोणाची, हे वाक्य मी "कामाच्या ताणामुळे अनवधानाने" असं सुरू केलं होतं. त्यांनी ते खोडून लिहिलं: "चौथा नमुना तपासला नव्हता." कागदांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. डॉक्टरांनी हृदयाचा तुकडा वेगळ्या बाटलीत, मिठाऐवजी फॉर्मालिनमध्ये ठेवून तपासणीला पाठवला होता. विषाचा अहवाल आल्यावर त्याचं उत्तर वाचायची कोणाला गरज वाटली नव्हती. ते धुळ्यातच एका फायलीत होतं. म्हाताऱ्याला हृदयविकाराचा मोठा झटका आला होता. उलट्या, घाम, सगळं त्यातलंच.

अहवाल टपालाने पाठवून भागलं असतं. साहेब म्हणाले, "नाही. तू जा. पिंजऱ्यात उभं राहून सांग." कोणत्याही शिक्षेपेक्षा मला हे जड वाटलं.

धुळ्याच्या सत्र न्यायालयात त्या दिवशी भिकानानाही आले होते, डबा फडक्यात गुंडाळून. रात्रभर झोपले नसावेत. मला बघून उठले. "साहेब, तीन डाव धोयेल व्हता. देवनी आन."

खासनीससाहेब सोबत आले होते, आपणहून, रजा टाकून. ते म्हणाले, "नाना, तुम्ही तीनदा धुतला. आमच्याकडे एकदाही तपासला नाही. तुमचे दोन जास्तच झाले." नाना हसले नाहीत, पण बसले.

पिंजऱ्यात मी सगळं सांगितलं. न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले.

"म्हणजे तपासलं नव्हतं, आणि निरंक लिहिलं?"

"होय."

"का?"

"मिठाच्या पाण्यात कधी काही नसतं, असं वाटलं म्हणून."

"आणि होतं."

"होतं."

न्यायाधीश काहीतरी कडक बोलणार असं वाटलं. पण त्यांनी फक्त मान खाली घालून लिहून घेतलं. सरकारी वकिलांनी उलट काही विचारायचं नाही असं सांगितलं. बचावाच्या वकिलांनी मात्र मोठं भाषण तयार करून आणलं होतं, ते त्यांनी आता गरज नसतानाही पूर्ण केलं. त्या दिवशी सुमनला जामीन मिळाला, आणि पुढच्या तारखेला ती सुटलीच.

त्या तारखेला मी स्वतःहून गेलो होतो. बाहेर व्हरांड्यात दौलतआबा भेटले. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीनच बांधं, तुम्हीनच सोडं," ते म्हणाले. "आते तुम्हले काय म्हनू?"

सुमन त्यांच्यामागे उभी होती. पेपरातल्या फोटोपेक्षा लहान दिसत होती. तिने आभार मानले नाहीत, दोषही दिला नाही. तिला एकच विचारायचं होतं.

"साहेब, मनी भाकर चांगली व्हती ना?"

"चांगलीच होती," मी म्हणालो. लेखी न दिलेला आणि सील न लावलेला हा माझा एकमेव अहवाल. तो ऐकून ती पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. आबा तिच्या शेजारी उकिडवे बसून राहिले, आणि मी बसस्टँडकडे जाताना बऱ्याच महिन्यांनी मला नीट भूक लागल्याचं लक्षात आलं. समोरच्या खाणावळीत शेवभाजी खाल्ली. मीठ जरा जास्त होतं. तक्रार केली नाही.

मला मेमो मिळाला, तो माझ्या सेवापुस्तकात आहे. सहाही खोक्यांतल्या सगळ्या चौथ्या बाटल्या आम्ही आता खरोखर तपासल्या. एकोणीस दिवस लागले. मी रोज बाटली उघडताना श्वास धरायचो आणि पट्टी कोरी निघाली की सोडायचो. त्या रुग्णालयाच्या दोन, सुमनच्या केसची आणि विहिरीच्या केसची, सोडल्या तर सगळ्या निरंक निघाल्या, म्हणजे आम्ही लिहिलं होतं ते बहुतेक खरंच होतं. फक्त ते आम्हाला माहीत नव्हतं. पुढे खासनीससाहेब देशाच्या मुख्य प्रयोगशाळेचे संचालक झाले. तिथेही, असं ऐकतो, पहिल्या दिवशी त्यांनी मोरी कुठे आहे तेच विचारलं. माझ्या हातून आणखी चुका झाल्या नसतील असं मी म्हणणार नाही. जपलेल्या बाटल्यांतून एक चूक निघाली, फेकलेल्यांचं मला माहीत नाही. दौलतआबांचं पीठ मी तेव्हाच घ्यायला हवं होतं, एवढं मात्र नक्की माहीत आहे. त्यात काही निघालं नसतं. तरी घ्यायला हवं होतं.

पितळी अक्षरं अजून भिंतीवर आहेत. आणि या प्रकरणानंतर राज्यभर परिपत्रक निघालं की व्हिसेऱ्याचं मीठ झाकणाच्या चिनी मातीच्या बरणीतच ठेवावं, ती सरकार पुरवील. भिकानानांच्या रुग्णालयात ती बरणी मी निवृत्त झालो त्या वर्षी पोचली. तिला झाकण नव्हतं.